फेब्रुवारीत गादीवर कोण होतं?

आमच्या कचेरीत कागदाला आधी डोकं काढायची पद्धत होती. मग तो अर्ज गाय चोरीला गेल्याचा असो, नाहीतर दोन भावांमधल्या कुरणाच्या भांडणाचा. सगळ्यात वर राज्यकर्त्याचं नाव, मागेपुढे सगळे किताब, मोठ्या आणि सुबक अक्षरांत, आणि त्याच्याखाली बाकीचं जग. मी कारकुनीला लागलो तेव्हा पहिले तीन महिने मला नुसती डोकीच लिहायला लावली होती. हात असा बसला, की डोळे बांधून बसवलं तरी मी किताब न चुकता लिहिले असते. कचेरीत यालाच गुण म्हणतात, आणि याच गुणापायी नाकपुड्या फाडायची शिक्षा माझ्यावर येता येता राहिली.

हात बसला, पण नाव काही एका जागी बसेना. जुन्या झार अलेक्सेईची लग्नं दोन, म्हणून घराण्याच्या पातीही दोन. थोरली पाती इवानची, धाकटी प्योत्रची. प्योत्र म्हणजे ज्यानं दलदलीत पीटर्सबर्ग वसवलं आणि सरदारांच्या दाढ्या उतरवल्या तो. तो गेला आणि दोन्ही पातींची ओढाताण सुरू झाली. आधी त्याची बायको गादीवर आली, मग त्याचा नातू, म्हणजे धाकटी पाती. मग थोरल्या पातीची आन्ना, प्योत्रची पुतणी. तिला मूलबाळ नव्हतं. मरताना तिनं आपल्या बहिणीच्या नातवाला वारस केलं. त्याचं नाव इवान, वय दोन महिने.

आम्ही सगळ्यांनी चर्चमध्ये रांग लावून क्रूसाचं चुंबन घेतलं आणि त्या तान्ह्या बाळाशी इमान राखायची शपथ घेतली. तेरा महिने मी कागदाकागदावर त्याचे किताब लिहिले. तिकडे त्याला दात येत होते, आणि इकडे आमच्या सुभ्यातल्या गायी त्याच्या हुकमानं सापडत होत्या किंवा सापडत नव्हत्या. मग नोव्हेंबरात धाकटी पाती परत वर आली. प्योत्रची मुलगी एलिझावेता शिपाई घेऊन राजवाड्यात शिरली आणि बाळाला पाळण्यातून उचललं. त्याला आईबापांसकट कुठे नेलं, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुन्हा रांग लावली, पुन्हा तोच क्रूस, पुन्हा शपथ. आमच्या ओठांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण नव्या महाराणींना ते नाव कुठे दिसायलाच नको होतं. जुन्या शपथेची पत्रं जाळली, प्रार्थनेच्या पोथ्यांतली पानं काढून नेली. मग सतराशे पंचेचाळीस साली हुकूम आला, की त्या तेरा महिन्यांतल्या ज्या ज्या कागदावर ‘तो ठाऊक असलेला किताब’ असेल, तो कागद कचेरीत जमा करायचा. गंमत बघा, नाव हुकमातसुद्धा लिहिलेलं नव्हतं. त्या काळाला फार तर ‘मागची राजवट’ म्हणायचं. शेजारच्या गावचा डीकन, म्हणजे पुजाऱ्याचा मदतनीस, एका रविवारी राज्यकर्त्यासाठीच्या प्रार्थनेत निव्वळ सवयीनं जुनंच नाव गायला, आणि तेही छातीभर श्वास घेऊन, खणखणीत आवाजात. तिसऱ्या दिवशी त्याला न्यायला गाडी आली. तो परत आलेला मी तरी पाहिला नाही.

मी हुकूम वाचून दाखवला त्याच दिवशी उस्तिन्या आपला कागद घेऊन कचेरीत आली.

तिची हकीकत आधी सांगतो. ती म्हाताऱ्या कॅप्टन कुरोपातिनच्या मालकीची बाई, त्याच्या जमिनीबरोबर बांधलेली. लेस विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मांडीवर उशी, उशीवर टाचण्या, आणि दोरा गुंडाळलेल्या चाळीस लाकडी चात्या अशा खुळखुळायच्या की रस्त्यावरून ऐकू यावं. कॅप्टनला बायकापोरं नव्हती, एक पुतण्या होता तो दूर राजधानीत. शेवटच्या आजारात तिनंच त्याचं सगळं केलं. एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत तो गोधड्यांत गुंडाळून घसरगाडीतून स्वतः कचेरीत आला, आणि उस्तिन्याला आणि तिच्या लेकीला, पलाशाला, कायमचं मोकळं केल्याचा कागद त्यानं माझ्याकडून लिहून घेतला. तिला वाचता येत नव्हतं म्हणून त्यानं तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी वरच्या किताबापासून खालच्या सहीपर्यंत. वाचताना त्याला धाप लागत होती, तरी त्यानं एक शब्द गाळला नाही. ईस्टरच्या आत तो गेला. उस्तिन्या गावात आली आणि चर्चमागच्या बोळात एका खोलीत लेस विणून राहू लागली.

असा तो कागद, आणि बाईनं तो आपण होऊन आणून दिला. आमचे व्यापारी आपापले कागद पिठाच्या कोठीत लपवत होते.

“एवढी कसली घाई झाली होती?” मी तिला म्हटलं. “आधी मला विचारायचं तरी.”

“हुकूम आहे ना, निकोनिच? मग द्यायलाच हवा. चर्चच्या दारात उभं राहून वाचला तुम्हीच.”

“वाचणं माझं काम आहे. ऐकणं तुझं काम होतं असं कुणी सांगितलं?”

ती हसली. तोवर तिचा कागद पेटीत गेला होता. दप्तरातल्या वहीत त्याची नोंद होती, पण वहीची पानंही त्याच पेटीत घालून राजधानीला पाठवायची होती. हुकमात एक सोय होती. लोकांचे हक्क बुडू नयेत म्हणून वहीवरून नवी नक्कल करून द्यायची, मात्र त्यावर किताब घालायचा नाही.

आमचे सुभेदार यव्स्त्रात कार्पिच हे म्हातारे मेजर. लढाईत एका कानानं बहिरे झालेले आणि मासेमारीखेरीज कशात जीव नाही. गाव मला बापाच्या नावावरून निकोनिच म्हणे, ते अवेर्की. ते मला म्हणाले, “अवेर्की, डोकं लावू नकोस. तारखेपासून सुरुवात कर. धडच द्यायचं, कळलं?”

“कळलं, हुजूर.”

एका दिवसात एकतीस नकला करायच्या होत्या. पेटी दुसऱ्या सकाळी निघणार होती. अठ्ठावीस मी बिनडोक्याच्या बरोबर केल्या. एकोणतिसावी उस्तिन्याची. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, बोटं आखडली होती, मन घरच्या कोबीच्या सूपाकडे लागलं होतं, आणि हातानं आपलं काम आपणच करून टाकलं. सुभेदारांनी न वाचता मोहोर उठवली. ते कधीच वाचायचे नाहीत.

मला ते कळलं दोन आठवड्यांनी. उस्तिन्या कागद घेऊन माझ्या घरी आली. “पलाशाला एकदा ऐकवा. आता कळत्या वयाची झाली ती.” मी कागद उघडला. वर मोठ्या, सुंदर अक्षरांत: महाराणी एलिझावेता पेत्रोव्हना, अखिल रशियाच्या सम्राज्ञी, यांच्या हुकमानं. आणि खाली तारीख, एक्केचाळीस सालचा फेब्रुवारी. महाराणींना गादी मिळायला तेव्हा नऊ महिने बाकी होते. कुणीही शिकलेल्या माणसानं हे दोन ओळींत पकडलं असतं, आणि मग कागद खोटा, मी राजाच्या किताबाशी खेळ करणारा, आणि उस्तिन्या पुन्हा कुणाच्यातरी मालकीची.

मी वरची ओळ गाळून बाकीचं वाचलं. पलाशा कान देऊन ऐकत होती.

“दुसरा लिहून देता येईल का, निकोनिच?” उस्तिन्यानं विचारलं. वाचता येत नसलं तरी माणसाचं तोंड तिला चांगलं वाचता यायचं.

“कशावरून लिहू? वही गेली. आणि मोहोर सुभेदारांकडे.”

“म्हणजे काहीतरी चुकलंय.”

“काही चुकलेलं नाही. फक्त हा कुणाला दाखवू नकोस.”

“दाखवायचाच नाही तर कागद कशाला हवा?” ती म्हणाली. मी तिला खरं सांगितलं नाही, त्याची लाज मला आजही वाटते.

नद्या गोठायला लागल्या त्या सुमारास कॅप्टनचा पुतण्या आला. लेफ्टनंट एरास्त कुरोपातिन, राजधानीतल्या पलटणीचा, हिरवा कोट, पावडर लावलेला केसांचा टोप. सोबत रिकामी गाडी आणि दोन शिपाई. गाडी कशाला आणली, हे बाजारात विचारणाऱ्या सगळ्यांना त्यानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कचेरीत होतो. सुभेदार खुर्चीवर, लेफ्टनंट बाकावर पाय पसरून, उस्तिन्या पलाशाचा हात धरून दाराशी उभी, आणि मी माझ्या टेबलाशी.

“बाई माझ्या काकांची,” लेफ्टनंट म्हणाला. “काका गेले, त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. चार वर्षांत रजा मिळाली नाही, ती आता मिळाली. घर, गुरं, ही, आणि हिची पोर. आमच्या बायकोनं गावाकडे लेसचं काम सुरू केलंय, हात कमी पडताहेत. दुपारच्या आत निघायचंय मला.”

“बाई म्हणते, काकांनी तिला सोडलं,” सुभेदार म्हणाले. “कागद आहे तिच्याकडे.”

“काकांनी शेवटी शेवटी मांजरीलासुद्धा बढती दिली असती. बघू तरी कागद.”

उस्तिन्यानं तो छातीशी धरलेल्या कापडातून काढला आणि माझ्याकडे बघत बघत दिला. लेफ्टनंटनं वाचला. मग परत वरून वाचला आणि हसायला लागला.

“यव्स्त्रात कार्पिच, तुमच्या कचेरीत कॅलेंडर आहे का? की तेही माशांना घातलं?”

सुभेदारांचे कान लाल झाले, ऐकू येणारा आणि न येणारा, दोन्ही. मासेमारीची चेष्टा त्यांना सहन व्हायची नाही. “म्हणजे काय?”

“वर बघा, महाराणींच्या हुकमानं. खाली बघा, फेब्रुवारी एक्केचाळीस. अहो, महाराणी गादीवर आल्या नोव्हेंबरात. मी त्या दिवशी तिथे होतो, राजवाड्याच्या अंगणात. फेब्रुवारीत त्यांचा हुकूम कुठून येणार? हा कागद मागाहून बनवलाय. लिहिणाऱ्याच्या नाकपुड्या फाडून सायबेरियाला धाडला पाहिजे, आणि बाई तर चाललीच माझ्याबरोबर.”

सुभेदारांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे बघितलं. “अवेर्की, अक्षर तुझं?”

“माझं, हुजूर.”

“मग?”

चूक झाली म्हणालो तर कागद रद्द, आणि दुपारच्या आत मायलेकी त्या गाडीत. मी दाराकडे बघितलं. उस्तिन्या रडत नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू या खोलीत वाचता येणारा मी एकटाच होतो. पलाशाच्या हातात लेसचा एक तुकडा होता, साहेबांना नमुना दाखवायला सांगितलं असेल कुणीतरी. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आयुष्यात कुणाला उलट बोललो नव्हतो, बायकोलाही नाही.

“हुजूर,” मी म्हटलं, “महाराणींचं राज्यारोहणाचं पत्रक आपल्या चर्चमध्ये मीच वाचलं होतं. त्यात लिहिलंय, गादी हक्कानं त्यांचीच होती. त्यांच्या आईसाहेबांच्या मृत्युपत्रापासून. मधे जे कुणी बसले ते हक्क नसताना बसले. जिचा हक्क, तिचं नाव मी वर लिहिलं.”

“बघा, कारकुंडा वकिली करतोय,” लेफ्टनंट म्हणाला. “हक्क वेगळा, बसणं वेगळं. फेब्रुवारीत गादीवर महाराणी नव्हत्या.”

“मग कोण होतं?” सुभेदारांनी विचारलं.

देवाशपथ सांगतो, त्यांनी ते सरळ मनानं विचारलं. दोन्ही पातींचा हिशेब त्यांना कधी लागलाच नव्हता. कोण कुणाची पुतणी आणि कोण कुणाची मुलगी, हे ते मलाच विचारायचे.

लेफ्टनंटनं तोंड उघडलं. “तो...” म्हणाला आणि तिथेच थांबला. शेगडीत लाकूड तडकलं. दाराबाहेर थांबलेले त्याचे दोन्ही शिपाई आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

“सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला.

“मला माहीत नाही.” आता सुभेदार जागे झाले होते. गळाला ओढ लागली की त्यांची मान अशीच पुढे यायची. “अवेर्की, कागद घे. लेफ्टनंटसाहेब सांगतील ते शब्दाला शब्द लिही. आणि आधी डोकं काढ.”

मी डोकं काढलं. महाराणी एलिझावेता पेत्रोव्हना, सगळे किताब, एकही न गाळता. मग टाक शाईत बुडवला आणि लेफ्टनंटकडे बघितलं. “सांगा, साहेब.”

“मागची राजवट होती.”

“कुणाची?” सुभेदारांनी विचारलं.

“हुकमातच तसं म्हटलंय. मागची राजवट.”

“हुकमात नाव नाही. तुम्ही म्हणताय, कुणीतरी खरोखरचं गादीवर होतं आणि महाराणी नव्हत्या. हे असलं बोलणं माझ्या कानावर आलं, की मला ते गुप्त कचेरीला कळवावंच लागतं. नाही कळवलं तर माझीच मान जाते. तेव्हा नीट सांगा. फेब्रुवारीत गादीवर कोण होतं?”

टाकातली शाई थेंब धरून राहिली होती. लेफ्टनंट त्या थेंबाकडे बघत होता. त्याच्या कपाळावरची पावडर ओली झाली. राजवाड्याच्या अंगणात जे त्यानं पाहिलं होतं ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं, आणि ते नाव घेणाऱ्याचं काय होतं तेही.

“माझं काही म्हणणं नाही,” तो शेवटी म्हणाला.

“हे लिहू का?” मी विचारलं.

“काही लिहू नकोस.” त्यानं हातमोजे उचलले. जाताना उस्तिन्यासमोर थांबला. “एका लेसवालीपायी,” म्हणाला आणि बाहेर गेला. गाडी रिकामीच परतली.

दार लागल्यावर सुभेदारांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला थांबवलं. “खरं सांग. चूक केलीस की मुद्दाम?”

“चूक, हुजूर. हात गेला.”

“वाईट झालं. मुद्दाम केलं असतंस तर मी तुला मानलं असतं.” मग त्यांनी माझ्याकडून नवा निकाल लिहून घेतला. आजची तारीख, आजच्या महाराणी. बाई आणि तिची मुलगी मोकळ्या, कुणाचा दावा नाही. मोहोर उठवण्याआधी या वेळी त्यांनी तो वाचला. जुना कागद त्यांनी शेगडीत टाकला. उस्तिन्याला परत आत बोलावलं होतं. तिनं कागद जळताना पाहिला आणि शेगडीकडे धावली. तिला धरून ठेवायला मला दोन्ही हात लागले.

रस्त्यानं तिला घरापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत मी तिला सगळं सांगून टाकलं. कागदात काय चुकलं होतं, मी का लपवलं, लेफ्टनंट का गप्प बसला. वाटलं होतं, शिव्या देईल.

“म्हणजे त्याचं नाव कुणाला घेता आलं नाही, म्हणून मी सुटले,” ती म्हणाली.

“सुटलीस हे महत्त्वाचं.”

“कॅप्टनसाहेबांनी वाचून दाखवलं होतं मला, वरपासून. पहिलंच नाव त्याचं होतं. कुठे आहे हो ते पोर?”

“उस्तिन्या, तोंड मीट.”

“नाव कुठे घेतेय? कुठे आहे एवढंच विचारतेय. आता पाच वर्षांचं झालं असेल ना?”

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर मी त्या नावाचा विचार एक शाईचा डाग म्हणून केला होता. त्या किताबांखाली एक मूल होतं, ते कुठेतरी जेवत असेल, पडत असेल, कुणालातरी आई म्हणत असेल, हे मला त्या बोळात उभं राहून पहिल्यांदा सुचलं. मी त्याच्याशी इमान राखायची शपथ घेतली होती. क्रूसाचं चुंबन घेऊन.

पुढच्या रविवारी ती आपली नावांची वही घेऊन माझ्याकडे आली. आमच्यात घराघरात असते ती. पुढच्या अर्ध्या भागात जिवंत माणसांची नावं, त्यांना सुखी ठेव म्हणून; मागच्या अर्ध्यात मेलेल्यांची, त्यांना शांती दे म्हणून. पुजारी वेदीपाशी वाचतो आणि एकेका नावाला पावातून एकेक कण काढून ठेवतो. तिथे आडनाव नसतं, किताब नसतो, फक्त बारशाचं नाव. शेतकरी असो की सरदार.

“जिवंतांत एक नाव घाला,” ती म्हणाली. “इवान.”

माझा हात थांबला.

“आपल्या गावात प्रत्येक घरात एक इवान आहे, निकोनिच,” ती म्हणाली. “कुणाचा काय, कोण विचारणार आहे?”

सात वर्षांखालच्या मुलाच्या नावाआधी ‘बाळ’ लिहायचा नियम आहे. मी लिहिलं, बाळ इवान. फादर गेरासिमनी वाचलं, कण काढला, आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं. सत्तेचाळीस साली ती वही घेऊन परत आली. सात पूर्ण झाली होती. ‘बाळ’ खोडलं. पण नुसतं नाव तिला पटेना. आजारी असेल तर ‘आजारी’ लिहितात, वाटेवर असेल तर ‘प्रवासी’, तुरुंगात असेल तर ‘कैदी’.

“काय लिहू?” मी विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

मला वाटत होतं ते लिहायची छाती नव्हती. मी ‘प्रवासी’ लिहिलं. सतरा वर्षं तो प्रवासीच राहिला. दर रविवारी त्याच्या नावाचा एक कण. त्या सतरा वर्षांत एलिझावेता गेली, तिचा भाचा आला, गेला, त्याची बायको आली, आणि मी दर खेपेला डोकी बदलत गेलो. पलाशाचं लग्न झालं, तिच्या मुलीही चात्या खुळखुळवायला लागल्या. त्या वहीतलं ते एक नाव मात्र मला कधी बदलावं लागलं नाही.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्याअखेर राजधानीहून जाहीरनामा आला. चर्चमध्ये तो वाचायचं काम माझंच. एका बेटावरच्या किल्ल्यात ठेवलेला एक कैदी, त्याला सोडवायचा कुणीतरी डाव केला, त्या झटापटीत पहारेकऱ्यांनी त्याला ठार केलं. आणि जे नाव तेवीस वर्षं कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं ते त्यात उघड लिहिलेलं होतं, कारण आता भीती नव्हती. मी ते वाचलं. त्या नावाशी मी दोनदा अडखळलो, लोकांना वाटलं म्हातारा झाला. उस्तिन्या खांबाशी उभी राहून ऐकत होती.

दुपारी ती वही घेऊन आली. मी पुढच्या भागातलं नाव खोडलं. ‘प्रवासी’वर रेघ ओढताना मला वर मान करवेना. मग मागचा भाग उघडला आणि ‘इवान’ लिहायला टाक टेकवला.

“आधी ‘बाळ’ लिहा,” ती म्हणाली.

“उस्तिन्या, चोविसावं वर्ष होतं त्याचं. ‘बाळ’ साताच्या आतच लिहितात. चूक होईल ती.”

“मोठं होऊ दिलं होतं का त्याला कुणी?” ती म्हणाली. “लिहा. एकदा चूक केलीत तर मी सुटले.”

पन्नाशी उलटलेला मी, आयुष्यभर नियमानं डोकी लिहिलेला माणूस. मी लिहिलं, बाळ इवान. सावकाश, सुबक अक्षरांत, जशी किताबाची ओळ लिहायचो तशी. रविवारी फादर गेरासिम त्या नावाशी आले, थोडे थांबले, आणि मग त्यांनी पावातून एक कण काढून ताटलीत ठेवला.